खिळ्याला टांगलेला कप

नव्वदीच्या दशकात मी आरोग्य खात्यात होतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर हा आमचा पट्टा. घरोघर जाऊन ताप विचारायचा, कावीळ विचारायची, फॉर्म भरायचा. हुद्दा काही मोठा नव्हता, पण खांद्याला खात्याची पिशवी अडकवली की माझी मान आपोआप ताठ व्हायची. लोक 'डॉक्टर' म्हणून हाक मारायचे आणि मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

एरवी कावीळ म्हटली की आम्ही 'दूषित पाणी' लिहून मोकळे व्हायचो. एका वर्षी मात्र वरून हुकूम आला की रक्त तपासून 'बी' प्रकारची कावीळ वेगळी मोजायची. ती वेगळी म्हणजे नेमकी कशी, हे आम्हाला कुणी धड सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर चारचौघांत अडाणी ठरलो असतो ना!

अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या एका सुनेचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तो सांगायला मी गेलो. घरात सासू, सून आणि चार वर्षांची नात. मुलगा कारखान्यात कामाला गेला होता. सासूने दारातच जयभीम केला, मीही केला. माझे आजोबाही छप्पन साली दीक्षा घेतलेले, त्यामुळे आपलंच घर म्हणून मी जरा जास्तच ऐसपैस बसलो.

"घाबरायचं काही कारण नाही," असं म्हणून मी त्यांना भरपूर घाबरवलं. हिचं ताट, वाटी, कप वेगळा ठेवा. मुलीला हिचं उष्टं देऊ नका. पाण्याच्या पिंपात हिला हात घालू देऊ नका. दुसऱ्याच काविळीसाठी पाठ केलेलं भाषण मी इथे घडाघडा म्हणून दाखवत होतो.

"कप येगळा?" सासूने विचारलं.

"हो मावशी. एकदम वेगळा."

सून भिंतीला टेकून उभी होती. तिने एवढंच विचारलं, "किती दिवस, भाऊ?"

मला ठाऊक नव्हतं. "आम्ही सांगू तोपर्यंत," मी म्हणालो.

पुढे पाच-सहा महिन्यांनी आमचं प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ही कावीळ रक्तातून जाते, न उकळलेल्या सुईतून, वस्तऱ्यातून, नवरा-बायकोच्या संबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. एकत्र जेवल्याने किंवा एका कपातून चहा प्यायल्याने होत नाही. म्हणजे जे सांगायला हवं होतं, की नवऱ्याचं आणि मुलीचं रक्त तपासून घ्या, ते मी सांगितलंच नव्हतं. वहीत उतरवून घेताना माझे कान तापले.

दुसऱ्याच दिवशी बुवापाडा गाठायला हवा होता. गेलो नाही. आज उल्हासनगरात काम आहे, उद्या बदलापूरला मीटिंग आहे, अशी कारणं मी स्वतःलाच देत होतो. खरं कारण एकच, चुकलो म्हणायची लाज वाटत होती. ह्या लाजेपायी मी आणखी चार महिने ती गल्ली टाळली आणि ते चारही महिने ती बाई आपल्याच घरात बाजूला बसून जेवत होती.

शेवटी एका दुपारी गेलो. नातीने पाणी आणून दिलं. मोरीजवळच्या खिळ्याला एक कप टांगलेला होता. मी तिकडे बघतोय हे पाहून ती म्हणाली, "तो आईचा आहे. त्याला शिवायचं नसतं."

'शिवायचं नसतं' हे आमच्यासारख्या घरांत कुणी लहान मुलांना शिकवत नसे. मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

मी सगळं सांगून टाकलं. सांगताना जमिनीकडेच बघत होतो. सासूने ऐकून घेतलं.

"माझ्या सासऱ्याला गावच्या हाटेलात कप येगळा व्हता," ती म्हणाली. "भायेर, खांबाला टांगलेला. आमी दीक्षा घेतली ती कशापायी? आन् तू आपला असून त्योच कप माझ्या घरात आणून टांगलास."

"चुकलं, मावशी."

"चुकलं तर चुकलं. आता बस."

सुनेला तिने चहा ठेवायला सांगितला. सुनेने आता पहिल्यांदाच माझ्याकडे मान वर करून पाहिलं. चहा उकळल्यावर सासू स्वतः उठली, खिळ्यावरचा कप काढला, त्यात चहा ओतला आणि माझ्यापुढे ठेवला.

"घे. पोरीला दिसू दे."

नात माझ्या तोंडाकडे बघत होती. सून हातात पातेलं धरून तशीच उभी. मला सगळं माहीत होतं. माझ्याच अक्षरात माझ्या वहीत ते लिहिलेलं होतं. एक घोट घ्यायचा होता, बस. पण माझा हात गुडघ्यावरून उचलेना.

"नको मावशी," मी म्हणालो, "मी आत्ताच चहा घेऊन आलोय."

सुनेने माझ्यापुढचा कप उचलला, चहा मोरीत ओतला, कप विसळला आणि परत त्याच खिळ्याला अडकवला.