वाकडा कप हवा

माझ्या आत्याला आळीत सगळे ‘ओळंबा’ म्हणतात. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन लावून सोडतो ना, तो. आत्याला दोरी लागत नाही. कुणाकडे गेली की चहा येण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करून मोकळी होते. तिने कुंभाराच्या चाकावर केलेले कप ओळीत ठेवले, तर पहिल्यामागे बाकीचे लपतात.

आतोबांना मात्र चाकाजवळ यायची बंदी. लग्नानंतर त्यांनी हौसेने एक वाडगा केला होता. “हा वाडगा आहे की रुसलेलं तोंड?” असं आत्याने विचारलं, आणि तेव्हापासून ते माती मळतात, भट्टी लावतात. वाडग्यात स्पंज भिजत असतो.

सगळा माल एकाच दुकानात जातो. दुकानवाल्या बाई मातकट कपडे घालतात आणि कप झोपलेत अशा आवाजात बोलतात. एक दिवस त्या थेट कामाच्या खोलीत आल्या.

“ताई, रागवू नका. गिऱ्हाईक म्हणतं, हे यंत्रावर केलेले आहेत.”

आत्याने कोपरापर्यंत चिखलाने भरलेले हात पुढे केले. “हे काय, यंत्र आहे?”

“मला पटतं हो. पण तुमचे हात मला फळीवर मांडता येत नाहीत. कपात माणूस दिसायला हवा. थोडा बाक, थोडा पोचा. नाहीतर ती फळी मला मेणबत्तीवाल्याला द्यावी लागेल.”

फळी गेली की चाक थांबलं. दुसरं दुकान कुठे होतं?

“जन्म गेला वाकड्याचं सरळ करण्यात,” बाई गेल्यावर आत्या म्हणाली.

“सरळ बोटाने तूप निघत नाही,” आतोबा म्हणाले.

“तुम्ही माती मळा.”

आत्या चाकावर बसली. प्रत्येक कप आधी नेहमीसारखा सरळ केला आणि मग नाक मुरडून त्याला अंगठ्याने पोचा पाडला. भट्टीतून माल निघाल्यावर बाई बघायला आल्या. सगळ्या कपांना पोचा एकाच जागी, एकाच खोलीचा.

“ताई,” बाई आणखी हळू बोलल्या, “साचा वापरलात का?”

आत्याला आयुष्यात कुणी एवढी मोठी शिवी दिली नव्हती. तिने बाईंच्या देखत डोळे मिटून ओल्या कपाला अंगठा लावला. अंगठा बरोब्बर तिथेच गेला. आतोबा मातीच्या गोळ्यात तोंड घालून हसत होते.

तेवढ्यात बाईंना स्पंजचा वाडगा दिसला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला. “हे कुणी केलं? यात माणूस आहे.”

“माणूस होता म्हणूनच तसं झालंय,” आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आतोबा चाकावर आणि आत्या माती मळायला. आतोबांचे कप टेबलावर डुलायचे, आणि गिऱ्हाईक सांडलेला चहा पुसत त्यांचं कौतुक करायचं. फळी वाचली. पण आत्या स्वतःच्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला एक छोटी खूण कोरायची, ती मात्र यांतल्या एकालाही तिने केली नाही.

आणि मग संकट आलं. आतोबांचा हात बसायला लागला.

“उठा जरा, फिरून या,” आत्या म्हणायची. “फार नीट होतंय.” तेवढ्याने भागेना, तेव्हा तिने वेगळी युक्ती काढली. कप वर यायला लागला की हळूच विचारायची, “लग्नात तुमच्या बहिणीने मला काय म्हटलं होतं, आठवतंय?” कप लगेच कलायचा.

एकदा आत्या भट्टीपाशी असताना आतोबा ओला कप तळहातावर घेऊन आले. सरळ. समोर उभे राहिले, बहुतेक त्या वाडग्याच्या वेळी राहिले असतील तसेच.

आत्याने तो उजेडाकडे धरला, फिरवला, काठावरून बोट नेलं. बराच वेळ.

“दुकानात नाही चालायचा,” ती म्हणाली.

आतोबांनी मान हलवली आणि कप मोडून पुन्हा मातीत घालायला हात पुढे केला. आत्याने तो दिला नाही. केसांतली पिन काढली, कप उलटा केला आणि बुडाशी आपली खूण कोरली.

“हा माझ्या चहाला,” ती म्हणाली. “आणि उद्या कामाला बसायच्या आधी तुमच्या बहिणीला फोन लावा. चांगला तासभर बोला.”