घोडीला मागून नमस्कार

मैत्रिणींनो, सकाळी पार्सल आलं. हेल्मेट अठराशे, बूट बाराशे. खर्च वहीत मांडला, पण खर्चापेक्षा भीती मोठी होती. माझी लेक ऋतुजा घोडेस्वारी शिकतेय. पोरगी पडली तर? आज जाऊन क्लासमधून तिचं नाव काढायचंच, असं ठरवून मी मैदानावर गेले.

ती आधीच घोडीवर बसलेली. वरूनच मला शिकवायला लागली, "आई, हे खोगीर. पाय अडकवलाय ती रिकीब. हातात आहे तो लगाम."

एवढं देखणं जनावर बघून माझे हात आपोआप जुळले. गाईला आपण मागून शेपटीला हात लावून नमस्कार करतो ना, तशीच मी घोडीच्या मागं गेले.

"काकू, मागनं जाऊ नका! लाथ बसंल की!" शिकवणारे सर ओरडले.

घोडी बिचकली आणि ऋतुजाला घेऊन उधळली. मी अंबाबाईच्या नावानं ओरडायला लागले.

ऋतुजा मात्र ओरडली नाही. ताठ बसली, लांब श्वास सोडला, लगाम हलकेच आवळला. आणि घोडी थांबली!

"अंगावर माशी बसल्याली कळती तिला," सर म्हणाले. "मग पोरीचा श्वास कळणार न्हाय व्हय? या आता पुढनं."

मी समोरून गेले. घोडीनं गरम नाक माझ्या तळहातावर टेकवलं. देवीच्या गाभाऱ्यात उभी असल्यासारखा अंगावर काटा आला. नाव काढायचं राहूनच गेलं.

उद्या परत जातेय. घोडीला नैवेद्य म्हणून गूळ चालतो का? माहीत असेल तिनं आजच खाली लिहून कळवावं.