झाडांना सलाईन

पाथर्डीच्या आमच्या अंगणात मी तेलाच्या रिकाम्या डब्यांत आणि रंगाच्या बादल्यांत टोमॅटो, मिरची, वांगी लावते. नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि झाडांचा नंबर भांडी-कपड्यांनंतर लागतो. त्यामुळे दर उन्हाळ्यात झाडं मरायची. पावसाळ्यात मी पुन्हा लावायची.

त्या उन्हाळ्यात सासऱ्यांना जुलाब लागले. मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी आयुष्यभर खेड्यांवर जाणारी जीप चालवली. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर जीप विकली आणि तेव्हापासून ते ओट्यावर नुसते बसून असायचे. आता खाटेवर आले. डॉक्टर घरी येऊन सलाईन लावून जायचे.

मामा उठून बसायला लागले तेव्हा रिकाम्या बाटल्या कोपऱ्यात पडून होत्या. आमच्या ह्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. सुया डॉक्टरांकडे परत दिल्या, बाटल्या नि नळ्या उकळत्या पाण्यानं धुतल्या. मग बाटल्यांची बुडं कापली आणि कपडे वाळत घालायच्या तारेला त्या उलट्या टांगल्या. वरून पाणी ओतायचं, नळीचं टोक झाडाच्या मुळाशी सोडायचं. थेंब थेंब पाणी मातीत जाऊ लागलं.

"माजी बाटली हाय ती," मामा खाटेवरून म्हणाले.

"तुमची संपली, मामा."

"झाडाला कोन सलाईन लावतं?"

मी दुसऱ्या बाटलीत पाणी ओतलं.

दुसऱ्या दिवशी पारनेरहून त्यांची बहीण त्यांना बघायला आली. मोसंबीची पिशवी खाली ठेवून तिनं आधी भावाकडं पाहिलं, मग तारेकडं.

"दादा, तू बरा दिसतोस," ती म्हणाली. "ह्याला काय झालंय?"

"टोमॅटोय," हे म्हणाले. "अंगातलं पाणी कमी झालंय."

"लई उतरलंय गं तोंड," असं म्हणून ती डब्याजवळ बसली. चहा झाला, गप्पा झाल्या. तिनं मुळाशी पालापाचोळा घालायला सांगितलं, म्हणजे ओल टिकते. निघताना "काळजी घ्या" म्हणाली, पण कुणाची ते बोलली नाही. मामांनी त्या संध्याकाळी मोसंबी खाल्ली नाही.

सकाळी थेंब बंद पडले. हे कामावर गेले होते. मी बाटली हलवून पाहिली. मामा भिंतीला धरून उठले. आजारपणानंतर पहिल्यांदाच ते असे आपले आपण उठले होते.

"हवा धरलीय. डिझेलच्या पायपात हवा धरली की जीप अशीच थांबायची."

त्यांनी मातीतून नळी उपसली, तिच्यावरचं थेंब कमी-जास्त करायचं चाक पूर्ण सोडलं आणि बोटानं टिचक्या मारल्या. बुडबुडे वर गेले. पाणी सुरू झालं. मग खाटेकडं न जाता त्यांनी तिथंच खुर्ची मागितली.

त्यानंतर मला बाटल्यांना हात लावायची परवानगी राहिली नाही. तांदूळ धुतलेलं पाणी मी बादलीत साठवायचं, ते फडक्यातून गाळून ओतायचं काम त्यांचं. कुठल्या झाडाला किती थेंब, हेही तेच ठरवायचे.

तरी मे महिन्यात वांगं गेलं. पानं काळी पडली, खोड वाळलं. मामांनी सलाईन काढू दिली नाही.

"आजून बघू," ते म्हणायचे.

चार-पाच दिवसांनी दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी ती काढली आणि झाड उपटून टाकलं. उठल्यावर त्यांनी मोकळ्या डब्याकडं पाहिलं. रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. मला वाईट वाटलं, पण वांग्याबद्दल माणसाचं सांत्वन कसं करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

टोमॅटो मात्र लागले. बारके, जाड सालीचे. पहिला टोमॅटो मामा डॉक्टरांना दाखवायला घेऊन गेले.

"जुलाब थांबले का?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते कवाच थांबले. हे बघा."

येताना त्यांनी रिकाम्या बाटल्या मागून आणल्या. शेजारणीच्या मिरच्यांना लावल्या, मग पलीकडच्या घरी. गल्लीतून जाणाऱ्या एका टेम्पोवाल्यानं गाडी थांबवून विचारलं, "इथं कसली साथ आलीय का?"

"न्हाई," मामा म्हणाले. "मिरच्या हायत."

रविवारी मी टोमॅटोची चटणी केली. खूप आंबट झाली होती. हे म्हणाले, थोडा गूळ हवा होता. मामांनी ती दोनदा वाढून घेतली आणि बाकीची वाटीत काढून शेजारी देऊन आले.