हिरडीबाई आणि मारुतीचा शेंदूर

आमच्या हिरडीबाई भेटल्या की नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट "ओठ दाखव." अंगठ्यानं खालचा ओठ ओढायचा, मान तिरकी करून दातांच्या मुळाशी बघायचं आणि "ठीक आहे, पळ" म्हणून सोडून द्यायचं. शेंबडं पोर असो की सरपंच, सगळ्यांना एकच न्याय. त्यांचं खरं नाव आणि हुद्दा गावानं पहिल्याच आठवड्यात गुंडाळून ठेवला. हिरडी बघतात म्हणून हिरडीबाई, संपलं.

त्या आरोग्य खात्यातल्या, गावोगावच्या शाळा आणि बालवाड्या तपासायच्या. मी आमच्या गावची बालवाडीची बाई. गाव केडगावच्या पुढे, पुण्याच्या सडकेपासून आत. बालवाडी भरायची मारुतीच्या देवळात, तेव्हा बहुतेक गावांत भरायची तशीच. बाहत्तरच्या दुष्काळाचे दिवस. पोरांना सुकडी वाटायची आणि चार गाणी म्हणून घ्यायची, एवढीच माझी नोकरी.

हिरडीबाईंचे वडील नगरला छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. जन्मभर शिशाचे खिळे हाताळले, त्याच हातांनी भाकरी खाल्ली. पोटातल्या कळांनी हैराण झाले आणि शेवटी मनगट लुळं पडलं. डॉक्टरांनी त्यांच्या हिरडीवरची शिशाची निळी रेघ दाखवली, ती बाईंच्या डोळ्यांपुढून काही हलली नाही. खात्यानं त्यांना शिसं शोधायला सांगितलंच नव्हतं. पाणी बघा, लस टोचा, झालं. बाई ते सगळं उरकून वर शिसं शोधायच्या, कल्हईच्या भांड्यांत, रंगीत खुळखुळ्यांत, सापडेल तिथं. आमच्याकडच्या बायकांनी मात्र त्यांना जेरीस आणलं. सगळ्यांच्या हिरड्या मिश्रीनं काळ्याकुट्ट, त्यात निळी रेघ दिसणार कशी? मग बाई एकेकीला विहिरीवर नेऊन चुळा भरायला लावायच्या, आणि बायका पदर तोंडाला लावून खिदळायच्या.

एकदा त्यांनी शाळेत शिशावर भाषण केलं. शिसं पोटात गेलं तर पोर खंगतं, म्हणून घरात, शाळेत असेल तिथून काढा. पुढच्या खेपेला आल्या तर मोठे गुरुजी छाती काढून उभे.

"बाई, शाळेतलं सगळं शिसं जप्त केलंय."

ट्रंक उघडली तर आत शिसपेन्सिली. पार कानामागं खोचलेली थोटकंसुद्धा सुटली नव्हती. बाई उंबऱ्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो गुरुजी, शिसपेन्सिलीत शिसं नसतं. नावावर जाऊ नका, वस्तू बघा."

"मग नाव कशाला ठिवलं म्हनतो मी?" गुरुजी तणतणले. पेन्सिली परत वाटताना कुणाची कुठली यावरून पोरांत जी जुंपली, ती शाळा सुटेपर्यंत चालली.

त्याच दिवशी बाई बालवाडीत आल्या आणि त्यांची नजर सुमीवर पडली. सुमी आमच्या गुरवआबांची नात. मागच्या पावसाळ्यापर्यंत पोर म्हणजे नुसती टकळी. आता खांबाला टेकून गप्प बसायची, मध्येच पोट धरायची. आपली सुकडी शेजारच्याच्या हातावर ठेवून द्यायची. कुणी म्हणे जंत, कुणी म्हणे दृष्ट.

"दुष्काळात जिला भूक लागत नाही, ती पोर आजारी समजायची," बाई म्हणाल्या. ओठ ओढून बघितलं, चूळ भरायला लावून पुन्हा बघितलं; निळी रेघ होतीच. "ही दिवसभर असते कुठं?"

मी गाभाऱ्याकडे बोट दाखवलं. आजोबांची लाडकी, तिला आत मज्जाव नव्हता. मारुतीच्या अंगावर शेंदराचे थरावर थर, त्याच्या खपल्या पायाशी पडायच्या. आम्ही बोलत होतो तोवर सुमी आत गेली, एक खपली उचलली आणि आमच्या देखत तोंडात टाकली. बाई धावल्या.

"अहो, शेंदूर आहे तो," मी म्हटलं.

"शेंदूर म्हणजे शिसंच, भाजून लाल केलेलं."

सरपंचांच्या कानावर गेलं तसे ते लगबगीनं आले. "बाई, रिपोर्टात जंत लिवा. तुमचं घर नव्यानं बौद्ध झालेलं. लोक म्हनतील, बाई देवावर उठली. आन मग तुमाला गावात पाऊल ठिवू द्यायचे न्हाईत."

"रिपोर्ट आधी ज्याच्या घरचा त्याला सांगायचा, मग साहेबाला," बाई म्हणाल्या आणि तडक गुरवआबांच्या घरी गेल्या. मी मागोमाग.

आबा भडकलेच. "माझ्या आज्यापासून आमी शेंदूर लावतोय. आमाला काय झालं न्हाई ते हिला हुईल व्हय?"

"ओठ दाखवा, आबा." रेघ होती. "पोटात कळा येतात?"

"येत्यात. वाताच्या हायेत त्या."

"हात जड पडतो?"

आबांनी हात मागं नेला. आतून आजी बोलल्या, "रोज तांब्या पडतोय की हातातनं."

बाई त्यांच्याजवळ खाली बसल्या. "आबा, मी देवाबद्दल एक अक्षर बोलत नाही. देवाला शेंदूर बाधत नाही. पोरीला बाधतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं सुमीला नगरच्या दवाखान्यात नेलं. पोटाचा एक्स-रे फोटो काढला, त्यात शेंदराच्या खपल्यांचे पांढरे ठिपके. डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं, इंजेक्शनं सुरू केली. आबांनी तो फोटो उजेडाला धरला आणि "ह्ये मीच लावलेलं" म्हणून भिंतीला टेकून रडले. बाईंनी त्यांना रडू दिलं, मग चहाला नेलं.

गावात परतल्यावर आबांनीच सुताराला बोलावून गाभाऱ्याला लाकडी गज बसवून घेतले. कुणी विचारलं तर सांगायचे, "मारुतीराया ब्रह्मचारी, त्याला पोराटोरांची कटकट कशाला?" बालवाडी शाळेच्या ओट्यावर गेली. सरपंच येईल-जाईल त्याला सांगू लागले की हे आपल्याला आधीच ठाऊक होतं. आता बोला!

सुमी घरी आली खरी, पण घास काही गिळेना. डॉक्टर म्हणाले, धीर धरा. आजी भाकरी कुस्करून पुढ्यात ठेवायच्या आणि तशीच उचलायच्या. घरात कुणाचंच जेवणात लक्ष नसे. बाई वाकडी वाट करून येत, अंगणात बसत.

तेवढ्यात त्यांची राहात्याला बदली झाली. निघायच्या दिवशी सडकेवर लिंबाखाली अर्धा गाव जमला. आजींनी खणानारळानं ओटी भरली, वाटेसाठी भाकरी आणि लसणीची चटणी फडक्यात बांधून दिली. सुमी आबांच्या कडेवर होती. बाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला, तर पोर वाकून त्या फडक्याचा वास घ्यायला लागली.

"आबा, मला भूक लागलीया."

आबांना ऐकूच आलं नसावं. ती पुन्हा म्हणाली, जरा चिडून, "लई लागलीया."

बाई होत्या तिथंच धुळीत बसल्या, फडकं सोडलं, सुमीला मांडीवर घेऊन भाकरीचा तुकडा तिच्या हातात दिला. सुमी खायला लागली. एसटी आली, थांबली. कंडक्टर हाका मारून मारून दमला. बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या दुसरा तुकडा मोडत होत्या.

"जाऊ द्या गाडी," त्या म्हणाल्या, "हिचं जेवण होऊ दे."