दादांनी आवळलेली क्लिप

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अर्धांगवायूचा झटका आला त्याला तेव्हा तीन महिने झाले होते. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. काठी घेऊन चार पावलं टाकता यायची, पण टाकायचे नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाताचं जे काय व्हायचं ते पहिल्या सहा महिन्यांत. आत्ता हलवला नाही तर कायमचा असाच राहील. व्यायामाला दिलेला रबरी चेंडू मी त्यांच्या मुठीत कोंबायचे आणि दादा तो खाली सोडून द्यायचे. "नको." तेवढा एकच शब्द स्पष्ट उरला होता, आणि तो त्यांनी पुरेपूर वापरला.

मी शाळामास्तरीण, तोंडाने पहिल्यापासून फटकळ. ओरडायचे, मग मोरीत जाऊन रडायचे.

दोन हजारनंतरची पहिली दोन-चार वर्षं असतील. एका शनिवारी दादांना व्यायामाला नेताना दत्त मंदिराच्या सिग्नलला आमच्या जुन्या गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघाली. रिक्षावाल्यांनी ढकलत बाजूला घेतली आणि कशीबशी जेलरोडला घरी आणली. रविवारी मिस्त्री आला. दहा वर्षं गाडी त्याच्याच हाताखाली. आडदांड माणूस, हाताचे पंजे परातीएवढे.

दादांची खुर्ची मी ओट्यावर ठेवली होती. मिस्त्री गाडीखाली शिरला आणि इंजिनामागची पाण्याची लोखंडी नळी काढून बाहेर आला. गंजून भोक पडलं होतं.

"ताई, रेडिएटरला बोअरचं पाणी घालता ना? क्षारानं खाल्ली बघा."

मी दादांकडे पाहिलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात या माणसाने तीस वर्षं पाणी शुद्ध करण्यात घालवली. बॉयलरच्या पाण्यात क्षाराचा कण गेला तर समोरच्याची धडगत नसायची. आणि घरच्या गाडीत खुशाल बोअरचं पाणी!

"वा! दिव्याखाली अंधार," मी म्हटलं. दादांनी मान खाली घातली आणि मला लगेच वाईट वाटलं.

नवी नळी बसली. दोन्ही टोकांना रबरी पाइप, त्यांच्यावर पत्र्याच्या गोल क्लिपा, स्क्रूड्रायव्हरने आवळायच्या. तीन झाल्या. चौथी इंजिनाच्या मागे, सापटीत. तिथे मिस्त्री थांबला.

"साहेब, हा माझा पंजा बघा. आत जात नाय. तुमचा हात बारीक आहे, जरा येता का?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? दिसत नाही का, त्यांचा हात..."

"मी साहेबांशी बोलतोय, ताई."

दादा उठले. काठी टेकत गाडीपाशी गेले आणि स्क्रूड्रायव्हरला डावा हात पुढे केला. "डाव्यानं नाय जमायचं," म्हणत मिस्त्रीने तो उजव्या हातात दिला, वर स्वतःच्या हाताने मनगटाला आधार दिला. स्क्रूड्रायव्हर खाली पडला. त्याने उचलून दिला. परत पडला, परत दिला. पाऊण तास हे चाललं होतं आणि माझ्या तोंडाचा पट्टाही. धुणं पडलंय, वह्या तपासायच्यात, रविवार गेला मातीत.

शेवटी क्लिप कशीबशी फिरली. मिस्त्रीने पाणी भरलं, इंजिन सुरू केलं, बंद केलं. त्याच क्लिपेखाली एक थेंब जमला. टपकला. दुसरा जमला.

"झालं समाधान? आता नीट आवळा तुम्ही!"

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. "आता इंजिन तापलंय. उद्या सकाळी बघू. तोवर गाडी काढू नका." आणि स्क्रूड्रायव्हर तिथेच ठेवून चक्क निघाला! कामचुकार मेला, असं मी फाटकातून त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. दादा त्या थेंबाकडे बघत बसले होते. जेवतानाही सारखं बाहेर बोट दाखवत होते.

सकाळी चहा घेऊन गेले तर पलंग रिकामा. काठी नाही, दार उघडं. धावत बाहेर आले. बॉनेट वर होतं आणि दादा गाल पत्र्याला टेकवून, उजवा हात कोपरापर्यंत आत. स्क्रूड्रायव्हर फिरायचा, सटकायचा, परत फिरायचा. मी ओरडायला तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा तसंच मिटलं.

बऱ्याच वेळाने त्यांनी हात बाहेर काढला. काळाकुट्ट, बोटांची सालटं निघालेली. माझ्याकडे बघून, एकेक अक्षर ओढत म्हणाले, "सैल... होती."

नऊ वाजता मिस्त्री आला. इंजिन जरा वेळ चालवलं, बंद केलं आणि क्लिप ओली आहे का बघायला त्याने हात घातला. त्या सापटीत तो परातीएवढा पंजा सरळ मनगटापर्यंत आत गेला, कुठेही अडला नाही. कोरडी बोटं दादांपुढे धरून म्हणाला, "साहेब, माझ्यासाठी काय शिल्लक ठेवलंच नाय तुम्ही."

मी त्याच्या हाताकडे बघत राहिले. मला कळलंय, हे त्यालाही कळलं.

"मिस्त्री, काल मी तुम्हाला नको ते बोलले."

"ऐकलं की," तो हसला. "चहा टाका, ताई."

दादा त्यानंतर नऊ वर्षं जगले. शेवटच्या दिवसापर्यंत उजव्या हाताने जेवले.