येतो म्हणून उतरला

सोमवारी यवतमाळहून दारव्ह्याला निघालेल्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. वय पन्नाशीच्या पुढचं, पायाशी सरकीच्या ढेपेचं पोतं, कानात इयरफोन आणि मोबाइलवर चौघांनी मिळून खेळायचा बंदुकीचा गेम. साथीदार कुठले कुठले, सगळे हिंदी बोलणारे. हा गोळी लागून पडला की त्यांच्यातला कोणीतरी धावत येऊन त्याला उभं करी, आणि हा दरवेळी स्क्रीनला हात जोडी.

पुढच्या वळणाला रेंज जाते, हे त्याला पाठ होतं. त्याआधीच तो माइकमध्ये म्हणाला, "आता हूं भाई," आणि फोन खिशात टाकला.

"अहो, ते तुमची वाट पाहत बसतील," मी म्हणालो. "हिंदीत निघताना 'जाता हूं' म्हणतात."

"बसतेतच. मांगं एकडाव तिघंही मायी वाट पाहत झाडामांगं बसले अन् मेले." तो मनापासून हसला. "पडलेल्याले उचलाले कोनी ना कोनी येते, हे गेमचं चांगलं हाये. पन जाताना कोनी सांगत नाही, तेवढी खोट. मी सांगतो. पन 'जातो' कसं म्हनू? तोंडातून निंगतच नाही."

बोरी अरबला त्यानं पोतं खांद्यावर घेतलं, माझ्याकडे वळून "येतो" म्हणाला आणि उतरला.

मला तर मराठी येतं. तरी पुढच्या सोमवारी त्याच गाडीत शेजारच्या सीटवर मी पिशवी ठेवली आणि गाडी सुटेपर्यंत उचलली नाही.