सोमवारच्या कॉलची हजेरी

बायको गेल्यानंतर सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले, आणि तेव्हापासून मला कुणाचंच काही धड ऐकू येईना. खालचा वाणी कुजबुजत विचारायचा, तांदूळ नेहमीचाच ना. शेजारच्या वहिनी बेल न वाजवता दारात डबा ठेवून जायच्या आणि वरण गार झाल्यावर तो मला सापडायचा. हे सगळं मायेनं चाललं होतं, मला ते कळत होतं. तरी मी चिडायचो, अजूनही चिडतो. घरातलं माणूस गेलं की उरलेल्या माणसाचा आवाज बारीक करून ठेवायचा, हा नियम केला कुणी?

एका ठिकाणी मी तो चालू दिला नाही. सोमवारच्या कॉलवर.

मी खुर्च्यांच्या कंपनीत आहे. दुकान आणि ऑफिस उल्हासनगरला, कारखाना अंबरनाथच्या एमआयडीसीत, आणि मी बदलापूरला, कात्रपमध्ये, घरून काम करणारा. डीलर लोकांच्या ऑर्डरी समजून घ्यायच्या आणि कारखान्याला समजावून सांगायच्या, एवढंच माझं काम. त्यासाठी दर सोमवारी सकाळी कॉन्फरन्स कॉल असतो. कॉलवर कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. कोल्हापूर, इंदूर, अंबरनाथ अशी गावांचीच नावं माणसांना पडली आहेत. मला मात्र कुणी बदलापूर म्हटलं नाही. मी साहेब, आणि आमच्या मालकाच्या, शेठच्या मुलासाठी अंकल.

हा कॉल घ्यायला मला बायकोनं शिकवलं. ती शिरगावच्या बाजूला एका मराठी शाळेत प्राथमिकच्या वर्गांना शिकवायची. तिची शाळा दुपारची, त्यामुळे सकाळी ती आतल्या खोलीत वह्या तपासत बसलेली असे. मी बाहेरच्या खोलीत दार लावून कॉलवर बसायचो, कारण अशा कॉलसाठी शांत खोली हवी असं मीही कुठेतरी वाचलं होतं. सुरुवातीला एकदा कॉल संपल्यावर ती दार उघडून आली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही वर्ग घेताय की रेडिओ लावलाय? पाऊण तास तुम्ही एकटेच बोलत होतात. पलीकडे कुणी होतं का?"

मी म्हटलं, सगळे होते. तिनं विचारलं, कशावरून?

त्या दिवशी तिनं मला हजेरी घ्यायला सांगितलं. माझा समज, हजेरी रजिस्टर भरण्यासाठी असते. ती म्हणाली, रजिस्टर गेलं उडत, हजेरी असते ती प्रत्येक पोराला वर्गात एकदा स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून. जे पोर सकाळी एकदा बोललं, ते पुढे दिवसभर बोलायला घाबरत नाही. पुढच्या सोमवारी मी एकेका गावाचं नाव घेतलं आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. कोल्हापूर बोललं, इंदूर बोललं. अंबरनाथकडून आवाजच येईना, तेव्हा कळलं की कारखान्याच्या मास्तरांचा माईक कित्येक आठवडे बिघडलेला होता. मास्तर म्हणजे तिथले सुपरवायझर. ते आपले दर सोमवारी ओरडून दमत होते आणि मला वाटत होतं की त्यांना सगळं मान्य आहे.

तिची दुसरी शिकवण मला जास्त जड गेली. मी प्रत्येक मुद्द्यानंतर विचारायचो, "सगळ्यांना कळलं ना?" आणि सगळे एका सुरात "हो" म्हणायचे. आतून तिचं हसू ऐकू यायचं. जेवताना ती म्हणाली, "‘कळलं का’ असं विचारू नका हो. त्याला ‘कळलं’ एवढंच उत्तर असतं. काय कळलं ते विचारा. आणि एकालाच विचारा."

मला हे अपमानाचं वाटलं. मोठ्या माणसांना पाठ म्हणून दाखवायला कसं सांगायचं? पण विचारलं. कोल्हापूरच्या डीलरांनी जे सांगितलं ते माझ्या सांगण्याच्या बरोबर उलट होतं. त्यानंतर मी कधी तो प्रश्न सोडला नाही. काही लिहून घ्यायचं असलं तर "मी लिहितोय, जरा थांबा" असं आधी सांगायचं, हेही तिचंच. फळ्याकडे तोंड करून गप्प झालेल्या बाईंकडे वर्ग बघत नाही, बाहेर बघतो, असं ती म्हणायची. पुढेपुढे मी दार लावणं सोडून दिलं. ती आतून खाकरली की मी समजायचो, माझं लांबतंय.

ती गेली. आजाराचं इथे लिहायचं नाही. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, घरात मी आणि तिची पुस्तकं उरलो.

त्याच आठवड्यात शेठचा मुलगा भेटायला आला. पोरगा चांगला आहे. सफरचंदांची पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसला, तिच्या फोटोला हात जोडले, आणि उठताना म्हणाला की अंकल, मंडे कॉल आता मी बघतो, तुम्ही रेस्ट करा, पाहिजे तेवढा टाइम घ्या. मी मान हलवली. कॉल सोडला तर माझा स्वभावच कमी बोलण्याचा, आणि त्या दिवसांत मी कशालाही मान हलवत होतो.

पण आराम कशाचा करायचा, हे मला कुणी सांगितलं नाही. सोमवारी वेळ झाली तसा मी लॅपटॉप उघडून बसलो. मुलानं कॉल सुरू केला आणि पहिल्याच मिनिटाला सगळ्यांचे माईक बंद केले. डिस्टर्बन्स नको, म्हणाला. माझाही बंद झाला. मग त्यानं पडद्यावर तक्ते दाखवले, झरझर बोलला आणि शेवटी विचारलं, "सगळं क्लिअर ना?" अंगठ्यांच्या खुणा उमटल्या. कॉल अर्ध्या वेळात आटोपला, याचा त्याला अभिमान वाटला. मी माझ्या नावाशेजारचा तो लाल काट मारलेला माईक बघत बसलो. दुःखात असलेल्या माणसाचं चित्र कुणाला काढायचं असेल तर ते हेच काढावं, असं तेव्हा वाटलं, आणि लगेच त्या विचाराचा रागही आला.

असे दोन-तीन सोमवार गेले. मग कोल्हापूरची ऑर्डर निघाली. एका वाचनालयासाठी खुर्च्या हव्या होत्या. मुलगा म्हणाला, नेहमीचं मॉडेल, चाकवालं, या आठवड्यात गाडी भरू. क्लिअर ना? अंगठे आले. कोल्हापूरचा अंगठा आला नाही.

कोल्हापूरकर कशावरही बोलल्याशिवाय राहत नाहीत. मी त्यांना फोन लावला. ते आधी हळू आवाजात माझी विचारपूस करू लागले. मी म्हटलं ते राहू द्या, मघाशी तुम्ही गप्प का होतात?

"गप्प?" ते म्हणाले. "बोललो की साहेब मी. वाचनालयात चाकाची खुर्ची कशाला, म्हाताऱ्या माणसांचं पेपर वाचायला बसताना घसरून काय व्हायचं, आणि फरशीवर आवाज केवढा, सगळं बोललो. कुणी उत्तरच दिलं नाही. म्हटलं, नवीन शेठना पटलेलं दिसत नाही, जाऊ दे."

माईक बंद आहे हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे त्यांनी आपलं सगळं म्हणणं मांडलं होतं, आणि आपल्याला डावललं असं समजून ते बसले होते. तिकडे मुलाला वाटलं होतं की सगळे राजी आहेत. असं किती घरांत चालत असेल, हा विचार माझ्या मनात आला, पण तेव्हा घाई होती. मी अंबरनाथला मास्तरांना फोन करून चाकं थांबवायला सांगितलं. हेच मास्तर पूर्वी अशा वेळी माझ्यावर तोंडसुख घेत. साहेब, सकाळी एक सांगता, दुपारी दुसरं, खुर्ची आहे की पाळणा, असं काही तरी ऐकवत. त्या दिवशी मऊपणे म्हणाले, "बरं साहेब. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

ते "बरं साहेब" मला लागलं. ही माणसं माझ्याशी भांडायची थांबली तर मग मी नुसता बायको गेलेला एक माणूस उरणार होतो.

मी शेठच्या मुलाला फोन केला. पुढच्या सोमवारपासून कॉल मी घेणार, असं सांगितलं. तो गडबडला. खुर्च्यांचं कळलं तेव्हा त्याला वाईटही वाटलं, पण म्हणाला, "अंकल, अभी घर में गमी हुई है. लोग काय बोलतील? मी तुमच्याकडून काम करून घेतोय असं वाटेल."

मी म्हटलं, "लोक काही बोलतच नाहीयेत, तीच तर अडचण आहे. माझी बायको गेली आहे. माझा माईक गेलेला नाही."

इतकं मी त्याच्याशी कधी बोललो नव्हतो. तो म्हणाला, ठीक आहे, एक मंडे घेऊन बघा. मग आपण ठरवू.

म्हणजे तो एक सोमवार माझ्या हातात होता. मी आदल्या दिवशी तयारी वगैरे केली नाही. आतल्या खोलीचं दार उघडं ठेवलं, खिडकीही उघडी ठेवली. खाली भंगारवाला ओरडत होता. ओरडू दिला. सगळ्यांचे माईक चालू केले. हजेरीला सुरुवात करणार तोच शेठचा मुलगा गंभीर आवाजात म्हणाला, "एक मिनिट अंकल. पहले आंटी के लिए दो मिनिट मौन रखेंगे. सगळ्यांनी प्लीज."

त्याचा हेतू चांगला होता. मौन सुरू झालं.

सभागृहात मौन पाळलं तर दिसतं तरी, माणसं माना खाली घालून उभी असतात. फोनवर मौन पाळलं की लाइन गेल्यासारखं वाटतं. इंदूरचे डीलर नेहमीप्रमाणे उशिरा आले. "हॅलो? हॅलो, आवाज आ रही है?" कुणी बोललं नाही. "हॅलो?" मग ते निघून गेले आणि टिंग असा आवाज करत परत आले. "अभी आ रही है क्या?" अंबरनाथकडे प्रेस मशीन धाडकन आपटलं. मास्तर कुणावर तरी दबक्या आवाजात खेकसले की बंद कर, बाई वारल्यात साहेबांच्या. इंदूर पुन्हा गेलं, पुन्हा टिंग. आता ते त्यांच्या घरात कुणाला तरी नेटवर्कबद्दल शिव्या देत होते. शेवटी कोल्हापूरकरांना राहवलं नाही.

"ओ इंदूर, मौन चाललंय. गप बसा की."

"कौन बोला? किसका फोन है? कुछ सुनाई नहीं दे रहा भाई!"

"मौन म्हटल्यावर ऐकू काय येणार तुम्हाला?"

मी हसलो. आतल्या आत आवरायचा प्रयत्न केला आणि ते जास्तच मोठं झालं. ती असती तर वह्या बाजूला सारून पदर तोंडाशी धरून बसली असती. ती गेल्यानंतरचं माझं पहिलं हसू असं सगळ्या कॉलला ऐकू गेलं. त्यानंतर जे पसरलं ते मात्र खरं मौन होतं. या माणसाचं डोकं फिरलं, असंच सगळ्यांना वाटलं असणार. वाटू दे. तिच्यासाठी रडायला मला माझं घर आहे, आणि हसायला कुणाची परवानगी मी मागणार नाही.

"मौन संपलं," मी म्हटलं. "हजेरी. इंदूर?"

"हाजिर हूँ साहब, कब से चिल्ला रहा हूँ."

"अंबरनाथ?"

मास्तर घसा साफ करून हजर म्हणाले आणि थांबले. मी पण थांबलो. मी पुढे जात नाही हे बघून ते हळूहळू मोकळे झाले. जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्राकडून पाणी कमी दाबानं येतंय, रंगाच्या आधी पाइप धुवायचे ते अडलेत, आणि त्यात तुमची ही चाकं काढा, चाकं लावा. "साहेब, एकदा काय ते ठरवा. माणसं मला विचारतात, खुर्ची करायची की पाळणा करायचा."

पाळणा परत आला होता. मी टेबलाची कड धरून बसलो होतो, ती सोडली.

"कोल्हापूर?"

"हजर. आणि आज माझं ऐकू येतंय न्हवं? नायतर परत भिंतीशी बोलायचो." मग ते जे सुरू झाले ते थांबेनात. वाचनालयाची फरशी, म्हातारे वाचक, पायांना लावायची रबरी टोपणं, माझ्या मागच्या वर्षीच्या दोन चुका. मास्तर मध्ये पडले. इंदूरला काही कळत नव्हतं तरी तेही पडले. मी एकाला थांबवून दुसऱ्याला बोलू देत होतो. कॉल लांबला. आतून कुणी खाकरलं नाही, म्हणून मीच घड्याळाकडे बघितलं.

शेवटी मी विचारलं, "कोल्हापूर, काय ठरलं सांगा."

"बिनचाकी खुर्च्या, पायांना रबर, गुरुवारी गाडी."

"अंबरनाथ?"

"तेच. पाणी आलं तर गुरुवार, नाही आलं तर बुधवारी मी फोन करणार."

राहिला शेठचा मुलगा. एवढा वेळ तो काही बोलला नव्हता. मालकाला असा प्रश्न करण्याची कंपनीत पद्धत नाही. पण गप्प बसलेल्या पोराला सोडून पुढे जायचं नाही, हेही मला तिनंच शिकवलं होतं.

"उल्हासनगर," मी म्हटलं, "तुम्हाला काय कळलं?"

पलीकडून कागद उलटल्याचा आवाज आला.

"खुर्ची बिना चाक की," तो म्हणाला. "गाडी गुरुवारी." मग जरा थांबून, "आणि मंडे कॉल अंकल घेणार."

"पुढचा सोमवार?"

"सगळे मंडे, अंकल."

मी तसं लिहून घेतलं. लिहितोय, जरा थांबा, असं त्यांना आधी सांगितलं.